अक्काचा पाव्हणा आणि त्याचे मेव्हणे

आमच्या घरात वाचणं हे माझं काम होतं. भाकरी मायच्या, बारदान्याचं दुकान अप्पांचं, आणि अक्काला वाचून दाखवणं माझं. अहमदपूरच्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्याच्या बाजारामागच्या, गल्लीत आमचं घर. पुढची खोली म्हणजे दुकानाचं गोदामच, रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या पार आढ्याला टेकलेल्या. त्यातल्या एका ठेंगण्या थप्पीवर मी पाय पसरून बसायचे, आणि खाली सतरंजीवर भिंतीला टेकून अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, महानंदा. लहानपणी तापात तिची नजर गेली. मला कळायला लागलं तेव्हापासून ती तशीच होती, त्यामुळे मला त्याचं काही विशेष वाटत नसे. विशेष वाटायचं ते तिच्या तोंडाचं. गल्लीतल्या बाया तिच्याशी जपून बोलायच्या. मी पुस्तक उघडून पहिलं पान संपवते न संपवते तोच ती म्हणायची, "सुने, हळू वाच की गं. कुणी पाठीला लागलंय का?" आणि खरंच हळू वाचलं की म्हणायची, "झोपलीस का?" दोन्हीकडून मार खायची सवय मला तिनेच लावली.

तागाच्या पोत्यांना एक वास असतो, उन्हात तापलेल्या धान्याचा आणि धुळीचा मिळून. माझ्या सगळ्या अभ्यासाला तो वास आहे. पहाटे अप्पांची लिंगपूजा चाले. त्यांचं ते ओठातल्या ओठात पुटपुटणं, विभूतीचा कोरडा सुगंध, मग चुलीकडून मायच्या हातची थापथाप. दुपारी अप्पा दारात बसून फाटकी पोती शिवायचे. दाभण घुसलं की कच्चकन आवाज आणि सुतळी ओढली की सर्र. या सगळ्याच्या मधून मी वाचायचे. अक्का माझ्या वरच्या वर्गात, त्यामुळे तिचं पुस्तक वाचून वाचून मी माझ्या वर्गातल्या पोरींच्या कायम पुढे असायचे. मास्तर माझं कौतुक करायचे आणि मी ते बिनदिक्कत घ्यायचे. संध्याकाळी माय उडदाचं घुटं आणि शेंगदाण्याची चटणी वाढायची, आणि अक्का जेवता जेवता दुपारचा धडा जसाच्या तसा म्हणून दाखवायची. माझ्या चुकलेल्या उच्चारांसकट.

मग मी नांदेडला गेले. कॉम्प्युटरच्या शाखेत नंबर लागला, हॉस्टेल मिळालं. अक्का तेव्हा अहमदपूरच्याच कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. सुरुवातीला तिच्या वर्गातल्या मुली घरी येऊन वाचायच्या. मग कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या घरी आवडेना, कुणी नुसतीच यायची थांबली. मायला मराठी जुळवून वाचता यायचं, इंग्रजीचं नाव नको. मी शनिवारच्या एसटीने घरी यायचे तेव्हा अक्का सगळं साठवून बसलेली असायची, आणि सोमवारी पहाटे परत निघताना माझा घसा बसलेला असायचा. पुस्तक मात्र होतं तिथेच. 

एका शनिवारी जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, मी नांदेडचं नाव काढून घेते. इथेच बी.ए.ला बसते, म्हणजे दोघींचंही होईल. अप्पा भाकरी कुस्करत म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राहिली." मायने डोळ्याला पदर लावला. तिला माझं हॉस्टेलचं जेवण पहिल्यापासूनच पटलेलं नव्हतं. अक्काने ताट बाजूला सारलं.

"कामून? मला कामून इचारलं न्हाई कुणी?" ती म्हणाली. "मी कुणाला घरी बसवाया शिकून राहिले का? सुने, तू तिकडं ऱ्हायलीस तर मी पास हुईन का न्हाई, मला ठाव न्हाई. पर तू परत आलीस तर मी नापास झाले असंच समज."

अप्पांनी मधला मार्ग काढला. दसऱ्यापर्यंत बघू. दसऱ्यापर्यंत अक्काच्या वाचनाची काही सोय लागली तर ठीक, नाहीतर दसऱ्यानंतर मी कॉलेजात जाऊन नाव काढून आणायचं. अक्काने ताट परत पुढे ओढलं.

आमच्या कॉलेजात एक सर होते. त्यांना मी सगळं सांगितलं तर ते म्हणाले, यंत्राला वाचायला लाव. प्रयोगशाळेतून काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी मला रीतसर परवानगी काढून दिला. अप्पांनी पाठवलेल्या बारदान्यात गुंडाळून मी तो एसटीने घरी आणला. लोह्याच्या स्टँडवर बस भज्यांसाठी थांबली तेव्हा सगळी बस उतरली, मी उतरले नाही. कंडक्टर म्हणाला, "टीव्ही हाय का?" म्हटलं, "न्हाई, वाचणारा माणूस हाय." तो माझ्याकडे बघतच राहिला.

पण पहिल्यांदा घडलं ते भलतंच. त्या यंत्रावर चित्रांची, खिडक्यांची सिस्टीम होती. माऊस अक्काच्या हातात दिला तर तो तिने टेबलभर फिरवला, टेबल संपलं, तरी काही नाही. "ह्याला कसं सांगायचं कुठं जायचं ते?" म्हटलं, बघून सांगायचं. बोलून गेले आणि जीभ चावली. अक्का मात्र हसली. म्हणाली, "मग हे तुमच्यासारख्या आळशी लोकांचं हाय. नुसतं बोट दाखवायचं." सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमची एक सीडी दिली आणि म्हणाले, चित्रं टाकूच नको. काळा पडदा ठेव.

काळा पडदा म्हणजे काय, तर नुसत्या अक्षरांचा. तुम्ही हुकूम लिहायचा, यंत्र ते करतं आणि अक्षरांतच उत्तर देतं. तिथे बघण्यासारखं काही नसतं. अक्का टायपिंगच्या क्लासला जाऊन आलेली होती. अख्ख्या क्लासात खाली न बघता टाइप करणारी तीच एक, बाकीच्यांना दोन वर्षं सांगूनही जमलं नाही. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. पहिली बोटं तिथे टेकवली की बाकीची बटणं आपोआप सापडतात. मी तिला पहिल्यांदा 'इजेक्ट' हा हुकूम शिकवला, कारण तोच तिला कळण्यासारखा होता: शब्द लिहून एंटर दाबलं की सीडीचा खण आपणहून बाहेर येतो. खण येऊन तिच्या मनगटाला टेकला तशी ती आधी दचकली, मग तिने तो आत ढकलला आणि परत बाहेर काढला. माय पाणी घेऊन येत होती, ती किंचाळली, "अगं माय! जीभ काढतंय की हे!" अक्का म्हणाली, "हे बरं हाय सुने. इथं बोट दाखवायचं न्हाई. इथं नाव घ्यायचं, की माणूस हजर."

आता पाहिजे होतं ते बोलणारं पॅकेज. पॅकेज म्हणजे बांधून ठेवलेलं गाठोडं. एका कामाला लागणारं सामान त्यात असतं. हुकूम दिला की यंत्र ते सोडून आपल्यात मांडून घेतं, आणि काढ म्हटलं की आवरून बाहेर टाकतं. हे जे बोलणारं होतं ते पडद्यावर उमटेल ते मोठ्याने वाचायचं. इंटरनेट असतं तर एका ओळीत सगळं घरात आलं असतं, पण आमच्या गल्लीत तेव्हा इंटरनेट कुठलं? नांदेडला स्टेशनजवळ सलीमभाईंचं नेट कॅफे होतं. तिथे उतरवून घ्यायचं, पेनड्राइव्हमध्ये भरायचं, आणि शनिवारी एसटीने घरी न्यायचं. सलीमभाई माझ्या पडद्याकडे बघून म्हणायचे, "बेटी, सब पोट्टे गाने उतारते, पिच्चर उतारते. तू ये क्या उतार रई? नाम बी पढने नै आते." मी त्यांना अक्काचं सांगितलं. त्यानंतर दर सोमवारी मी दारात दिसले की ते एवढंच विचारायचे, "बोल्या क्या?"

नाही बोललं. पहिल्या शनिवारी हुकूम दिला तर यंत्र म्हणालं, बसवतो, पण त्यासाठी आधी अमुक एक लायब्ररी, म्हणजे आणखी एक गाठोडं, पाहिजे, ती तुमच्याकडे नाही. मी ते अक्काला वाचून दाखवलं. पुढच्या शनिवारी ती लायब्ररी नेली, तर ती म्हणते मला माझ्याआधी तमुक पाहिजे. तमुक नेलं तर त्याला आणखी कुणी. मी चिडून पेनड्राइव्ह उपसून काढला. अक्का मात्र पोट धरून हसायला लागली.

"अगं, हे आपल्या सोयऱ्यावाणीच हाय! पाव्हण्याला आवतण दिलं की त्यो म्हणतो आधी माझ्या मेव्हण्याला द्या. मेव्हण्याकडं गेलं की त्यो म्हणतो माझ्या मेव्हण्याला इसरलात. कुणी बी एकटं यायला तयार न्हाई."

त्या दिवसापासून आमच्या घरात बोलणाऱ्या पॅकेजचं नाव 'पाव्हणा' पडलं आणि त्याला लागणाऱ्या बाकी सगळ्यांचं 'मेव्हणे'. मी बसमधून उतरून घरात पाऊल टाकलं की अप्पासुद्धा पोतं शिवता शिवता विचारायचे, "आज कोणता मेव्हणा रुसला?" अक्काने यंत्रात एक फोल्डर केला, त्याला नावच 'मेव्हणे' दिलं, इंग्रजी अक्षरांत. आलेलं प्रत्येक गाठोडं त्यात ठेवायचं. लोकांना या असल्या गोष्टींचा वैताग येतो. मलाही पुढे नोकरीत आला. पण अजूनही एखादं यंत्र म्हणालं की अमुक नाही म्हणून तमुक बसत नाही, तर मला अप्पांचा तो प्रश्नच ऐकू येतो आणि मी एकटीच हसते. शेजारच्या टेबलावरची पोरं म्हणतात, मॅडमना काय झालं.

शेवटी अडकलं ते एका विचित्र ठिकाणी. दोन मेव्हणे असे निघाले की पहिल्याला दुसरा आधी पाहिजे आणि दुसऱ्याला पहिला. एकेकाला बसवत गेलं की दोघेही नाही म्हणायचे. मी हात टेकले. अक्का धपाट्याचा तुकडा हातात तसाच धरून विचार करत बसली.

"सुने, एकेकाला कामून बसवून राहिली? समद्यास्नी एकाच पंगतीत बसीव की. पानं मांडून घे, मग वाढ. कोण आधी, कोण मागनं, हा प्रश्नच न्हाई."

फोल्डरमधल्या सगळ्यांची नावं एकाच हुकुमात द्यायची, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, असं कुठं असतं का. आणि करून बघितलं तर तसंच होतं. यंत्राने सगळ्यांना आधी आत घेतलं आणि मग एकेकाला मांडलं. थोड्या वेळाने त्या डबड्यासारख्या स्पीकरमधून नाकात बोलणारा एक गोरा माणूस इंग्रजी वाचायला लागला. माय चुलीपासून उठून आली आणि दाराशी उभी राहिली. "आला का पाव्हणा?" अक्काने नुसता हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि ऐकत राहिली. सोमवारी सलीमभाईंनी विचारलं, "बोल्या क्या?" मी म्हटलं, "बोल्या." त्यांनी गल्ल्यावरून उठून माझ्यासाठी चहा मागवला.

जुन्या इंग्रजी पुस्तकांचा मजकूर सलीमभाईंच्या कॅफेत उतरवून मिळायचा. मी नेत गेले, पाव्हणा वाचत गेला. तरी मी अजून नाव काढायचा विचार सोडलेला नव्हता. कारण काही बिघडलं की अक्का शनिवारची वाट बघायची. यंत्र बोलायचं थांबलं की आठवडाभर थांबलेलंच. अप्पांचं म्हणणं रास्त होतं: "हे तुझ्याबिगर चालत न्हाई, मग सोय कसली?" आणि दसरा जवळ आला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन पुसून पुजायची आणि त्यांना हात लावायचा नाही, त्यांना सुट्टी. दुकानात अप्पांनी दाभण, सुतळी, तराजू मांडले. घरात मायने विळी, पाटा-वरवंटा, शिलाई मशीन मांडलं आणि शेवटी म्हणाली, आता हेही अवजारच की. ओल्या फडक्याने कॉम्प्युटर पुसला आणि कीबोर्डला कुंकू लावलं. एका बटणाला लावलं आणि दुसऱ्याला नाही, असं कसं करायचं, म्हणून सगळ्या बटणांना लावलं. सगळ्यांवर अक्षता टाकल्या. मी नांदेडहून संध्याकाळी पोचले तेव्हा कीबोर्ड नवरीसारखा दिसत होता. असलं काही यंत्राला चालत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मायचा चेहरा बघून मी पाय धुवायला वळले.

दसऱ्याला सकाळी मी आणि माय स्वयंपाकघरात पुरण वाटत होतो. अक्का बाहेर यंत्रापाशी जाऊन बसली. "माय, समद्या बटणांना फोड आलेत की गं!" ती ओरडली. तिला एफ आणि जे सापडेना. वाळलेलं कुंकू हाताला सगळीकडे सारखंच लागत होतं. तिने पदराने खसाखसा पुसलं आणि कामाला लागली. मी नवीन पुस्तकं आणली होती, ती यंत्रात मावत नव्हती, म्हणून एक जुना, आता लागत नसलेला मेव्हणा काढायचा होता. तिने काढायचा हुकूम दिला. पाव्हणा वाचायला लागला: हा काढला तर याच्यावर टेकलेले हेही जातील. एकेक नाव घेत घेत त्याने शेवटी स्वतःचंच नाव घेतलं. मग विचारलं, पुढे जाऊ का? वाय की एन? म्हणजे हो की नाही.

"न्हाई न्हाई!" अक्का त्याला म्हणाली, आणि तिने एन दाबून एंटर दाबलं. पाव्हणा 'काढतो आहे, काढतो आहे' असं म्हणत दोन-तीन नावं बोलला आणि शब्दाच्या मध्येच तुटला.

पुरणाचे हात तसेच घेऊन मी बाहेर पळाले. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं: बोलणारं पॅकेज निघून गेलं होतं. अक्का दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. "मी न्हाई म्हणले होते," ती म्हणाली. "यानं ऐकलं न्हाई." तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. माय मागून आली, अप्पा बाहेरून आले. अप्पा म्हणाले, "सुने, बस. तुला दिसतंय की समदं. तूच कर."

मी खुर्ची ओढली. अक्काने हात आडवा घातला.

"सुनी उद्या-परवा जाणार हाय अप्पा. मग कोण करणार? मी लावलं तर सुनीनं नाव काढायचं न्हाई. न्हाई लागलं तर तुम्ही म्हणाल तसं. पर तिनं हात लावायचा न्हाई. आणि सुने, बोलायचं बी न्हाई. एक शब्द न्हाई. तू आज या घरात न्हाईसच."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी पोत्यांच्या थप्पीवर माझ्या जुन्या जागेवर जाऊन बसले. तिथून पडदा दिसत होता, तीच पंचाईत. उत्तर समोर आणि तोंडाला कुलूप, यासारखी शिक्षा नाही.

अक्काने आधी बॅकस्पेस दाबलं. यंत्र 'टूं' वाजलं. ही खूण तिने स्वतःच शोधून ठेवली होती: ओळ रिकामी असली आणि पुसायला काहीच नसलं की यंत्र वाजतं. म्हणजे ते हुकुमाची वाट बघत बसलं आहे. मग तिने 'इजेक्ट' लिहिलं. खण खर्रकन बाहेर आला. "कान हायत याला," ती स्वतःशीच म्हणाली. "नुसतं तोंड गेलंय." खण तिने आत ढकलला. आता तिने दोन हुकूम एकापुढे एक जोडून लिहिले: मेव्हण्यांच्या फोल्डरमध्ये जा, आणि गेलास तरच खण बाहेर काढ. जमलं तर खण येईल, नाही जमलं तर येणार नाही. यंत्राला तोंड नव्हतं, म्हणून तिने त्याच्या जिभेकडून होकार घ्यायचं ठरवलं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

खण आला नाही. तिने परत लिहिलं. परत नाही. पडद्यावर कारण ढळढळीत दिसत होतं: फोल्डरच्या नावातलं एक अक्षर उमटतच नव्हतं. मी ओढणीचं टोक तोंडात धरलं. माय दाराला टेकून हात जोडून उभी होती, पुरणाच्या कटाची येळवणीची आमटी चुलीवर उतू जात होती आणि तिचं लक्ष नव्हतं. अप्पा म्हणाले, "राहू दे गं नंदा. सुनीला करू दे." अक्का म्हणाली, "गप बसा की वो जरा."

मग ती थांबली. आणि तिने जे केलं ते मी पुढे कितीतरी हुशार पोरांना सांगितलं आहे. तिने नावातलं पहिलं अक्षर दाबलं, मग बॅकस्पेस दोनदा. पहिल्या वेळी शांत, दुसऱ्या वेळी टूं. म्हणजे अक्षर उमटलं होतं आणि पुसलं गेलं. पुढचं अक्षर, तसंच. पुढचं, तसंच. एन दाबला, बॅकस्पेस दाबलं, आणि पहिल्याच वेळी टूं. पुसायला काही नव्हतंच.

"हा मुका हाय," अक्का म्हणाली. तिने एन परत दाबून बघितला, त्याच्या कडेने नख फिरवलं. आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "आगं, मघाशी बी मी न्हाई म्हणले ते याच्यापतुर पोचलंच न्हाई! नुसता एंटर पोचला. आन नुसता एंटर म्हंजी व्हय. त्यानं ऐकलं न्हाई असं न्हाई, माझं म्हणणंच वाटेत अडकलं."

"माय, ताट आण," ती म्हणाली. स्टीलच्या ताटावर तिने कीबोर्ड उपडा धरला आणि पाठीवर थापट्या मारल्या. टणटण करत कुंकवाने लाल झालेले अक्षतांचे दाणे पडले. मायने त्यातला एक उचलून तळहातावर घेतला आणि तिला रडूच फुटलं. "माझ्याच हातानं झालं गं माय." अक्काने हात लांबवून तिचं मनगट शोधलं. "तू माझ्या कामाची पूजा केलीस. हितं कुणी केलती आजवर माझ्या कामाची पूजा? उगं रडू नको. आमटी बघ, करपतीय." त्यानंतरच्या प्रत्येक खंडेनवमीला माय पडद्याच्या डोक्यावर एकच बोट कुंकू लावायची आणि अक्षता खाली जमिनीवर टाकायची. पण पूजा तिने एकदाही चुकवली नाही.

अक्काने फोल्डरचा हुकूम दिला. खण आला. आत ढकलला. मग तिने शेवटचा हुकूम लिहायला घेतला: या फोल्डरमधल्या सगळ्यांना एकाच पंगतीत बसव, आणि सगळे बसले तरच खण बाहेर काढ. एंटर दाबायच्या आधी तिने क्षणभर बोट उचलून धरलं. मग दाबलं.

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. मी त्या वाचू शकत होते. आणि मला एकदम वाटलं, नको. मी डोळे मिटून घेतले. अक्काला जेवढं कळतंय तेवढंच मला कळू दे. तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं की यंत्राच्या आत जात्यासारखी एक घरघर असते, आणि ती कधी दाट होते, कधी विरळ. अप्पांचा श्वास ऐकू आला. अक्काच्या बांगड्या टेबलाला लागून किणकिणत होत्या, म्हणजे तिने मनगट खणाच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. ते मला डोळ्यांनी दिसलं नव्हतं. घरघर थांबली. काहीच नाही. परत सुरू झाली. आणि मग खर्रकन, तो खण.

मी डोळे उघडले तेव्हा खण तिच्या मनगटाला टेकलेला होता आणि तिने तो तसाच राहू दिला होता. मी तोंडातली ओढणी काढली, पण बोलले नाही. मला अजून परवानगी नव्हती. तिने आणखी काहीतरी टाइप केलं, आणि तो नाकातला गोरा माणूस जसा काही झालंच नाही अशा थाटात म्हणाला, "सुनी, पॅक युवर बॅग."

"काय म्हणतोय गं?" मायने आतून विचारलं.

अप्पांना इंग्रजी यायचं नाही, पण एवढं त्यांना कळलं. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बॅग भर म्हणतोय. पोरीची बॅग भर. पोळ्या पण बांध चार."

अक्का आता लातूरला असते. एका कॉलेजातली सगळी यंत्रं तिच्या हाताखाली आहेत, आणि ती पाव्हण्याला इतक्या वेगात बोलायला लावते की मला नुसती गुणगुण ऐकू येते. मी म्हटलं, अगं हळू लाव की, तर म्हणते, झोपलीस का? आता फोनवर बोट टेकवलं की जे पाहिजे ते येऊन बसतं. बरोबर कोण कोण मेव्हणे आले ते कुणी विचारत नाही. माझे कानाशी केस पांढरे झाले, चष्मा लागला. पण काही नवीन बसवताना मी अजून एकदा डोळे मिटून घेते.

त्या सोमवारी पहाटे मी नांदेडच्या बसला निघाले. दर वेळी निघताना अक्का दारापर्यंत यायची, चौकटीला हात धरून उभी राहायची, आणि मी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत माझ्या चपलांचा आवाज ऐकत राहायची. मी वळून बघायचे आणि माझे पाय जड व्हायचे. त्या दिवशी ती आलीच नाही. मी बॅग खांद्याला लावून थोडी थांबले, मग म्हटलं जाऊ दे, आणि चालायला लागले. पोत्यांच्या खोलीच्या खिडकीवरून जाताना आतून पाव्हण्याचा आवाज येत होता. नवीन पुस्तकाचं पहिलं पान, घाईघाईने. आणि त्याच्यावर अक्काचा आवाज:

"हळू वाच की रे. कुणी पाठीला लागलंय का?"

मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. एवढी वर्षं ते वाक्य माझं होतं. मग बस चुकेल म्हणून डोळे पुसले, आणि मागे न बघता चालत सुटले.